आवाज बसल्यामुळे लेखी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं पत्रात लिहायचं म्हणून नव्हे. बोटीतून उतरताना धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवर मी खरोखरच आठही अंगं टेकली, आणि तीही अख्ख्या गावासमोर. त्यातला अर्धा नमस्कार तुला, उरलेला समुद्राला.) तुझी पाठ आता कशी आहे? शेक घेतेस की नुसतंच 'घेते, घेते' म्हणतेस? भाऊजींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर दाखवून या, आणि थांबला असेल तरी दाखवून या, कारण आपोआप थांबलेल्या खोकल्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मुलांना आशीर्वाद. आमचं इकडे सगळं खुशाल आहे. म्हणजे आता आहे. मधे नव्हतं, तेच लिहायला बसलेय.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. एक तर इथे रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला येते आणि तिथे वारा इतका, की परवा तू जे बोललीस त्यातलं मला फक्त 'अगं' ऐकू आलं. त्या एका 'अगं'वरून मी संध्याकाळपर्यंत काय काय रचलं ते विचारू नकोस. (भाऊजी ठणठणीत आहेत ना?) आणि दुसरं कारण म्हणजे माझा आवाज बसलाय. बसलाय म्हणजे साफ गेलाय. तोंड उघडलं की सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसं होतं. त्यामुळे ह्यांना जे जे सुनवायचं होतं ते सगळं घशाशी तुंबून राहिलंय, आणि ते कुठून तरी बाहेर पडलं नाही तर मला काहीतरी होईल. म्हणून हे पत्र. आहे ह्यांच्या वाटचं, पण वाच तू.

तुला माहीतच आहे, ह्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाले, लिफ्ट सुटली, पण पाना हातातून सुटला नाही. घरातल्या वस्तू एकेक करून उघडायला घेतल्या. मिक्सर उघडला, शिलाई मशीन उघडलं, शेजाऱ्यांच्या दाराची बेल उघडली. (ती आता कुणी न दाबता वाजते, आणि ते घाईघाईने दार उघडतात, आणि समोर कोणी नसतं, आणि मग ते आमच्या दाराकडे बघतात.) डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, कुठेतरी शांत जागी जाऊन या. मी म्हटलं, ताईकडे जाऊ. तर हे म्हणतात, "आयुष्यभर वर आणि खाली केलं. आता जरा सपाट काहीतरी बघू दे." सपाट म्हणजे काय, तर समुद्र! कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं होतं की एका लहानशा बेटावर मच्छीमारांचं जुनं गाव आहे, तिथे हवा चांगली, माणसं चांगली आणि उघडायला काही नाही. यातलं शेवटचं ऐकून मी हो म्हटलं. समुद्र सपाट असतो असं ज्या कुणी सांगितलं त्याला त्या बोटीत माझ्या शेजारी बसवायला हवं होतं. मी सगळा वेळ बाकाचा लोखंडी दांडा धरून बसले होते, आणि उतरताना तो सोडवत नव्हता म्हणून तर पायरीवरचा प्रकार घडला.

बेट एवढंसं आहे की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचं माणूस 'सर्दी झाली का' विचारतं. पहिल्या रात्री मला झोप लागेना. बेटं खाली टेकलेली असतात हे मी शाळेत शिकलेय, मान्य. पण अंथरुणावर पडल्यावर खालून समुद्राचा आवाज यायला लागला की शाळेतलं काही आठवत नाही. ह्यांना उठवून विचारलं, तर म्हणाले, "भक्कम टेकलेलं आहे, लिफ्टसारखं टांगलेलं नाही," आणि कूस बदलून घोरायला लागले. आता मला सांग, टांगलेलं नाही हे ठीक, पण हा विषय मुळात काढायचाच कशाला?

आमची खोली जाळीवालीच्या घरात, माडीवर. भिंतींना चुना, खिडकी एवढी बारीक की डोकं बाहेर काढायचं तर आधी कान आत घ्यावे लागतात, आणि दार म्हणजे जुन्या होडीच्या फळ्या. त्या होडीचा नंबर अजून दारावर आहे, उलटा. गल्ल्या आधीच अरुंद, त्यात घराघरांमधून जाळी वाळत टाकलेली. चालायचं म्हणजे एकामागून एक पडदे बाजूला करत जायचं, आणि प्रत्येक पडद्यामागे एक मांजर बसलेलं. अंथरुणात वाळू, टॉवेलात मीठ, आणि वास इतका की दोन दिवसांनी येईनासा झाला, तेव्हा मला नाकाची काळजी लागली. दाराला कडी नाही. मी जाळीवालीला विचारलं, चोर आला तर? ती जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाली, "चोर आला तर पळून जाणार कुठे? तोही बोटीचीच वाट बघत बसेल. मग चहा द्यावा लागेल त्याला."

ही जाळीवाली म्हणजे आमची घरमालकीण. अंगाने भरदार, दिवसभर उंबऱ्यात बसून लाकडी सुईने फाटकी जाळी सांधायची. आवाज असा की हिने दारातलं मांजर हाकललं की बेटाच्या पलीकडच्या टोकाचं मांजर तोंडातला मासा टाकून देतं. तिचा नवरा होडीवाला, आणि त्याचे दोघे भाऊ त्याच होडीवर. दोघी जावा शेजारच्याच घरांत. हे तिघे रोज पहाटे जातात आणि ऊन चढायच्या आत परत येतात, आणि बायका त्या वेळात एकदाही समुद्राकडे मान वर करून बघत नाहीत. माझ्याने राहवेना. मी विचारलं, तुम्हाला काळजी नाही का वाटत? तर म्हणाली, "कधी करायची? सकाळी जाळी, मग मासे, मग स्वयंपाक, मग मुलं. तुम्हाला एवढी चांगली जमते तर आमच्या वाटची पण करा." दोघी जावा खो खो हसल्या. मी हसले नाही, कारण मी ती केव्हाच सुरू केली होती.

आता मुद्द्यावर येते. ह्यांना उघडायला इथे काही नाही असं मी समजत होते, पण होडीला इंजिन असतं ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. तिसऱ्या की चौथ्या पहाटे होड्या निघाल्या तेव्हा हे अंथरुणात ताडकन उठून बसले. म्हणाले, "ऐकलंस? अडखळतंय." मी म्हटलं, काही अडखळत नाही, झोपा. पण ताई, एवढ्या वर्षांच्या संसारानंतर ह्यांच्या कानाची तऱ्हा मला ठाऊक आहे. एखादी खटखट कानात शिरली की ती बाहेर येईपर्यंत ह्यांना भात गोड लागत नाही. त्या दिवशी संध्याकाळी हे होडीवाल्याशेजारी धक्क्यावर बसून राहिले, आणि परत आले ते शीळ घालत. दुसऱ्या पहाटे ह्यांना होडीतून नेणार होते! 'नुसतं बघायला.' मी म्हटलं, रक्तदाब. हे म्हणाले, तो घेऊनच जातोय. मी म्हटलं, थंडी. तर माझा जांभळा स्वेटर अंगात चढवला आणि गेले. कानटोपी मात्र खुंटीलाच राहिली, आणि सकाळभर मी त्या कानटोपीची काळजी केली. पुढे काय होणार आहे हे माहीत असतं तर इतकी चांगली काळजी मी असल्या गोष्टीवर खर्च केली नसती.

सकाळ अगदी लख्ख होती. मी जाळीवालीशेजारी बसून गाठ मारायला शिकत होते. (माझ्या जाळ्यातून मासा तर जाईलच, पण होडीही जाईल, असं तिचं मत.) आणि बघता बघता धुकं आलं. कुणीतरी ओली चादर झटकून आपल्यावर टाकावी तसं. आधी धक्का गेला, मग धक्क्याला बांधलेल्या होड्या गेल्या, मग समोरच्या घराच्या पायऱ्या गेल्या. बाकीच्या होड्या किनाऱ्याजवळच होत्या, त्या चाचपडत एकेक करून आल्या. आमची आली नाही. परत आलेल्यांना विचारलं तर म्हणाले, त्यांचं इंजिन मधेच बंद पडल्यासारखं वाटलं, मग काही दिसलं नाही. शोधायला जायचं तर ह्या धुक्यात एक होडी दुसरीवर आदळायची. धक्क्यावर एक भोंगा आहे, अशा वेळी वाजवायचा, पण त्याची मूठच गंजून तुटलेली. दुरुस्त करायला हवा, असं सगळे किती दिवस म्हणत होते.

मी जाळीवालीकडे बघितलं. तिच्या हातातली सुई थांबली होती. ताई, ती सुई थांबलेली मी तोवर कधी बघितली नव्हती. एरवी एका दमात मला दहा वाईट गोष्टी सुचतात, तू हसतेस ना त्याला? त्या वेळी एकच सुचत होती आणि तिच्याकडे मी बघायला तयार नव्हते. आम्ही सगळ्या धावत धक्क्यावर गेलो. जाळीवालीने तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. ती बाई, जिला मांजरंसुद्धा घाबरतात! दोन वेळा प्रयत्न केला, नुसते ओठ हलले. मग माझा दंड घट्ट धरून कुजबुजली, "तुम्ही मारा हाक. एका जागी उभ्या राहा आणि थांबू नका."

आता तूच सांग, काय म्हणून हाक मारू? ह्यांचं नाव मी आजवर तोंडाने घेतलेलं नाही. लग्नानंतर लगेच घ्यायला हवं होतं, ते राहिलं, आणि मग इतकं राहिलं की एकदम घेतलं असतं तर हेच घाबरले असते. धुक्यात माणूस हरवलाय आणि मी तिथे उभी राहून हा विचार करतेय! शेवटी घरात स्वयंपाकघरातून बैठकीत मारते तीच हाक मारली. "अहोऽऽऽ!"

पहिली बारीक निघाली. दुसरी जरा बरी. मग मी ओढणी कमरेला खोचली, डोळे मिटले आणि आजवर ह्यांना ज्या ज्या वेळी हाक मारली आणि ह्यांनी पेपरातून मान वर करून बघितलं नाही, त्या सगळ्या वेळा आठवून आठवून ओरडले. थोड्या वेळाने दोघी जावा माझ्यासारख्याच ओरडायला लागल्या. आम्ही तिघी आळीपाळीने 'अहो, अहो' करत होतो आणि समोर नुसतं पांढरं. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. घशात काचा भरल्यासारखं झालं. धाकटी जाऊ मधेच रडायला लागली आणि खाली बसली, पण बसूनही ओरडतच होती. जाळीवालीने माझा दंड सोडला नव्हता. (तिथे अजून चार बोटं उमटलेली आहेत.)

आणि मग धुक्यातून, लांबून, एकदम चौघांचा आवाज आला. "काय गंऽऽ?"

चौघांचाही! प्रत्येकाला वाटलं, आपलीच बायको बोलावतेय. आणि ताई, त्या चार 'काय गं'मधलं एक जे होतं ना, ते वैतागलेलं, जेवणात मीठ कमी आहे का विचारल्यावर येतं तसलं, ते मी लाखात ओळखलं. पण थांबू नका म्हणाली होती, म्हणून धक्क्यावर बसकण मारून मी ओरडतच राहिले. शेवटी वल्ह्यांचा आवाज आला आणि पांढऱ्यात काहीतरी जांभळं दिसलं. तो स्वेटर मला कधीच आवडला नव्हता. आता देणार नाही कुणाला.

झालं काय होतं, ते आता ऐक. होडी बरीच आत गेल्यावर ह्यांना खटखट सहन होईना. होडीवाला म्हणाला, परत गेल्यावर बघू. हे म्हणाले, नुसतं आवळतो. नुसतं! झाकण उघडलं, आणि आतली एक स्प्रिंग टुणकन उडाली ती सरळ समुद्रात. इंजिन बंद. तेवढ्यात धुकं. मग वल्ही मारायला घेतली, पण कुठल्या दिशेने? होडीवाला धक्क्यावर चढला, माझ्यासमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, आम्ही उलटीकडे चाललो होतो. बाहेर. तुमच्या हाकेवर वळलो." एवढंच बोलला आणि होडी बांधायला गेला. मी त्या पाण्याकडे परत बघितलं नाही.

मला वाटलं, आता हे लोक ह्यांना समुद्रात नाही तर निदान चुन्यात तरी बुडवतील. पण जाळीवाली नवऱ्याला एवढंच म्हणाली, "चला, जेवण गार होतंय." आणि घरी जाऊन उंबऱ्यात बसून तिने सुई हातात घेतली. पण मी बघितलं, ती मारत होती त्या गाठी माझ्यासारख्या पडत होत्या. मी गल्लीतल्या जाळ्यांच्या मागे जाऊन पोटभर रडून घेतलं. तिथलं मांजर उठून गेलं. मग ह्यांना बोलायचं म्हणून आले, कमरेवर हात ठेवले, तोंड उघडलं आणि फुस्स. आवाज संपला होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, काळे झालेले हात स्वेटरला पुसले (!) आणि म्हणाले, "तू अशीच कायम ओरडत असतेस, म्हणून ओळखू आली." यावर मी काय बोलणार होते ते मागच्या सगळ्या पानांत आलंच आहे.

बाकी आता सगळं छान आहे. ह्यांनी कुठल्याशा जुन्या कुलपातून स्प्रिंग काढून इंजिनात बसवली आणि ते म्हणे कधी नव्हे इतकं चांगलं चालतंय. गावात ह्यांचा मान वाढलाय. लवकरच होड्या लांबच्या मासेमारीला निघणार आहेत, काही दिवस समुद्रावरच राहायचं असतं, आणि इंजिनासाठी म्हणून ह्यांनाही बोलावलंय. माझी काहीही हरकत नाही. एवढ्या प्रसंगातून गेल्यावर माणूस बदलतं. मी अगदी शांत आहे. काळजी करणं मी सोडलंय, त्याने काही होत नाही हे मला पटलंय. समुद्र मोठा आहे, आपण लहान आहोत, जे व्हायचं ते होतं. इथली हवा खरंच चांगली आहे.

भाऊजींना नमस्कार. पाठीला जप.

तुझी धाकटी

ता. क. वर 'माझी काहीही हरकत नाही'पासून पुढचं सगळं खोटं आहे. मी ते लिहीत होते तेव्हा हे माझ्या खांद्यावरून वाचत होते. आता अंघोळीला गेलेत. शांत कसली, दाराकडे एक कान ठेवून लिहितेय.

ता. क. दुसरा. आता खरं काम. ह्यांना त्या लांबच्या फेरीला मी जाऊ देणार नाही, आणि आवाज नसल्यामुळे भांडूनही अडवता येत नाही. म्हणून मी पाटीवर लिहून सांगितलं की ताईला एक अतिशय तातडीचं पत्र हातोहात पोचवायचंय, टपालाचा भरवसा नाही. हे लगेच तयार झाले, कारण ह्यांना वाटतंय की आज जाऊन परवा परत येऊ आणि होडीत बसू. परवा बोट नाही. पुढची बोट होड्या निघून गेल्यावरच आहे. हे ह्यांना तिथे आल्यावर कळेल आणि ते चिडतील. चिडू दे. जेवायला वाढ, भाऊजींनी त्यांच्याशी पत्ते खेळावेत, आणि मुद्दाम हरावं.

ता. क. तिसरा. मी का नाही आले, असं विचारशील. काल जाळीवाली जाळं सांधत माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचे तिघं जाणार. भोंगा अजून तसाच आहे, मूठ बोटीने यायची आहे. अशा वेळी माझा आवाज निघत नाही, सासरे धुक्यात गेले तेव्हापासून." दाताने दोरा तोडला. मग म्हणाली, "तुम्ही थांबाल का?" ताई, आजवर मला सगळ्यांनी 'काळजी करू नकोस' एवढंच सांगितलं. कर म्हणणारी ही पहिलीच. मी मान डोलावली. रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतेय. होड्या निघेपर्यंत आवाज यायला हवा.

ता. क. शेवटचा. एवढं लांबलचक पत्र तू सवयीने जागच्या जागी उभ्याने वाचलं असशील, आणि पत्र आणून देणारा माणूस अजून दारातच उभा असेल. 'या' म्हटल्याशिवाय ते आत येत नाहीत. आधी त्यांना आत घे गं.